शून्य निकाल

पानाला ऐंशी पैसे. पान वाकडं आलं
तर पुन्हा, फुकट.
मे महिना, चिटणीस पार्कमागचं वाचनालय,
कूलरला पाणी नाही, स्कॅनरला ऊन चालत नाही,
आणि मी, मराठीत एम.ए.,
चार महिन्यांपासून पानं उलटते आहे.
वाचू नये असं करारात कुठे लिहिलेलं नाही,
पण वाचत बसलं की दिवसाचे दोनशे रुपये बुडतात.

डोमाजी हेडाऊ भर दुपारी आले,
ओला दुपट्टा डोक्याला गुंडाळून.
"गोळीबार चौकातून येऊन राहिलो, पायीच.
अठ्ठावन सालचं आमचं हस्तलिखित
तुमच्या मशिनीत गेलं म्हणतेत.
त्याच्यात माही बहीण आहे."

बहीण आहे, म्हणाले.
बहिणीचा लेख आहे, असं नाही.

मी नाव टाकलं: सुंद्राबाई हेडाऊ.
शून्य निकाल.
सुंदरा. सुंद्री. नुसतं हेडाऊ.
शून्य.
यंत्रानं काहीतरी भलतंच वाचलं असणार.
गेल्याच आठवड्यात त्यानं एका पानावरच्या
सगळ्या कोष्टींच्या गोष्टी करून टाकल्या होत्या.

"सरक व थोडी," म्हणाले,
आणि पडद्यावर बोट ठेवलं.
एक वेलांटी खिडकीएवढी झाली.
बोट दचकून मागे.
मी दाखवलं: दोन बोटांनी मोठं, एकानं पुढे.
चाळीस वर्षं धोटा फेकलेला हात,
तिसऱ्या पानाला लय सापडली त्याला.
मग मी नुसती बघत राहिले. पाच वाजले.
माझा गठ्ठा तसाच.

पान एकशे बारा.
"हे तिचं. ळ पाह्य.
एक डोळा शाईनं मिटलेला. सगळे ळ असेच करे."

जांभळी शाई, कडेला वाळवीचं भोक,
आणि त्याच्या शेजारी:
'धोटा बाबाचा, कांड्या माझ्या.
पुंजम मी मोजते, हिशेब आई ठेवते.
डोमा नुसतं सूत गुंतवतो.'

ते इतके हसले की वरच्या मजल्यावरून
ग्रंथपाल खाली डोकावल्या.

मी ओळी जशाच्या तशा टंकल्या.
प्रत्येकीखाली लाल सूत धावलं.
कांड्या: चूक. पुंजम: चूक.
धोट्यापाशी यंत्र थबकलं, अदबीनं विचारलं:
तुम्हाला 'फोटो' म्हणायचं आहे का?

मी ते मोठ्यानं वाचायला नको होतं.
"फोटो नाई तिचा," म्हणाले. "एकबी नाई."

शब्दकोशात जोडा.
शब्दकोशात जोडा.
शब्दकोशात जोडा.
हा संगणक तीस तारखेला ठेकेदाराकडे परत जाणार,
हे मी त्यांना सांगितलं नाही.

"नातीच्या मोबाईलवर दिसंल का हे?"
दिसेल, म्हणाले मी, आणि मग चौकट आठवली:
संस्थेचा ईमेल टाका.
"संस्था होती ना आमची. विणकर सोसायटी.
कुलूप गंजलं, पण किल्ली आहे माह्यापाशी."
खरंच काढली. बंडीच्या आतल्या खिशातून,
सुतळीला बांधलेली, बोटभर लांब.
माझ्या पडद्यावर ती घालायला
कुठेच जागा नव्हती.

प्रिंटरमध्ये शाई नाही. जानेवारीपासून नाही.
मी हजेरीपटाचा पाठकोरा कागद दिला, पेन दिलं,
आणि ते उतरवू लागले, तिचा ळ तिच्यासारखाच,
एक डोळा मिटून.

तोवर मी पुन्हा शोधलं.
सुंद्राबाई हेडाऊ.
चक्र फिरलं, वीज एकदा गेली, आली.
एक निकाल.

मी पडदा त्यांच्याकडे वळवला.
त्यांनी चष्मा सावरला, आकडा वाचला.
"एकच?"
आणि ओलं बोट धोतराला पुसून
एकशे तेराव्या पानावर ठेवलं.